पेटीने लावलेली पंगत

पंचफुला गावंडेने कोयता उचलला आणि भिंतीवरून शेजारी गेलेली वायर एका घावात तोडली. ठिणगी उडाली, पात्याला तुरीच्या दाण्याएवढा खळगा पडला, आणि भिंतीपलीकडच्या खोलीतला पंखा हळूहळू मंदावत थांबला. मूठ लाकडी होती म्हणून बाई वाचली. ते तिला ठाऊक होतं. अर्धं आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलं होतं तिचं, विजेला कुठून धरायचं आणि कुठून नाही हे तिला शिकवायची गरज नव्हती.

वायर टाकणारी तिची सून मोनाली जिन्यावर उभी होती. पंचफुला चार पायऱ्या चढली आणि तिने तिच्या थोबाडीत लावली. ओठ दातावर आपटून फुटला. मोनालीने पदराने रक्त टिपलं, पण नजर खाली केली नाही.

"म्हातारी मरंल, आई," ती म्हणाली.

"मरू दे. तिच्या मरणाले माही वीज कायले?"

मोनाली वर गेली आणि तिने आतून कडी लावली. स्लॅबखालची खोली, बाहेर पारा पन्नाशीला टेकलेला, आणि ठिणगीने त्या खोलीचा फ्यूज उडालेला, म्हणून आत पंखासुद्धा बंद. पंचफुलाने खालून ओरडून सांगितलं की रुसायचं असेल तर खुशाल रूस, ताट कोणी वर आणून देणार नाही. मग ती आपल्या खोलीत जाऊन एसीखाली बसली. खोली अगदी गार होती.

हे मूर्तिजापुरात, रेल्वे फाटकापलीकडच्या वसाहतीत घडलं. त्या उन्हाळ्यात मोठ्या मनोऱ्यांवरच्या तारा तापून लोंबल्या होत्या, एकामागून एक केंद्रं बंद पडली होती. वसाहतीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तर भर दुपारी फुटून पेटली आणि तिचं तेल जळत जळत नालीतून वाहत गेलं. फोनचे टॉवरही मेले होते. लाईन कधी येईल हे विचारायचं तरी कुणाला?

आता कोणी म्हणेल, वसाहतीत घराघरावर सोलरच्या पाट्या होत्या, ऊन तर धो धो होतं, मग लोक अंधारात का बसले? त्याचं असं आहे. पाट्यांची वीज घरात खेळवतं ते इन्व्हर्टर नावाचं यंत्र. ते बाहेरच्या लाईनच्या तालावर चालतं. बाहेरचा ताल थांबला की ते मुद्दाम बंद होतं. तसं झालं नाही तर घराघरातली वीज उलटी खांबावर चढेल, आणि तार जोडायला वर गेलेला वायरमन तिथेच चिकटेल. म्हणून लाईन गेली की वर पाट्या तळपत राहतात आणि खाली माणूस पुठ्ठ्याने वारा घेतो. यावर तोड एकच. घराला गल्लीपासून खटकन अलग करणारा स्विच बसवायचा आणि मागे बॅटरी ठेवायची. मग ते घर स्वतःच्या तालावर चालतं. गल्ली मेली तरी त्याला फरक पडत नाही.

अशी बॅटरी वसाहतीत एकच होती, पंचफुलाच्या जिन्याखाली. ती मोनालीने हट्टाने बसवून घेतली होती. मोनाली घरात बसून कॉम्प्युटरवर काम करी आणि लाईन गेली की तिचं काम अडे. पंचफुलाने होकार दिला तो गिरणीसाठी. ही बॅटरी समुद्राच्या मिठातून काढलेल्या सोडियमची होती. धान्याच्या कोठीएवढी जड, पण स्वस्त, आणि सहसा पेट न घेणारी. घरात सगळे तिला पेटी म्हणत.

पण साठवायला काय, मडकंही साठवतं. पेटीची खरी करामत वाढण्यात होती. वीज थोडी उरली की कुणाला द्यायची आणि कुणाची तोडायची, हे ती स्वतः ठरवी. आधीच्या बॅटऱ्यांना ते माणसाने सांगावं लागे आणि माणसं सांगायचा कंटाळा करत. म्हणून हिला शिकायला लावलं होतं. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात शर्टाच्या बटणाएवढा डोळा होता. तो चित्र काढत नसे. त्यातून लहरी निघत, त्या माणसाच्या अंगावर आपटून परत येत, आणि त्यावरून पेटीला प्रत्येकाची चाल आणि श्वास ओळखू येई. कोणी हाक मारली की कोण धावतं, कुणाच्या खोलीतलं बटण दुसरं कोणीही बंद करतं आणि कुणाच्या बटणाला हात लावायची कुणाची छाती होत नाही, हे सगळं ती पहिले दोन महिने मुकाट्याने बघत बसली. तेवढ्यात तिला घर समजलं.

मग एकदा जेवताना मोनालीने मोबाइलवर तिचा निकाल दाखवला. रंगीत गोळे होते. सगळ्यात मोठा पंचफुलाचा. त्याखाली तिच्या मुलाचा, प्रज्वलचा. मग गिरणी, मग देवघरातला विजेचा दिवा, मग आमरस गोठवून ठेवलेला फ्रीजर. आणि अगदी तळाला, वाटाण्याएवढा, मोनालीचा. प्रज्वलला हसताना ठसका लागला. पंचफुलाने मांडीवर थाप मारली.

"पेटीले अक्कल हाये," ती म्हणाली. "शिकल्या-सवरल्या माणसाले समजत नाई ते तिले समजलं."

मोनालीही हसली होती. ओट्याशी उभी राहून ती शेवटची भाकर खात होती. नंतर एकदा तिने हलकेच विचारलं की फिटरला बोलावून हे बदलून घेऊ या का. घराची रीत आता फिटर ठरवणार का, असं पंचफुलाने विचारलं आणि विषय संपला.

पहिल्या ताटाचं पंचफुलाला एवढं वेड का, ते वसाहतीतल्या जुन्या बायकांना ठाऊक होतं. ती ऐन तिशीत विधवा झाली. त्याच वर्षी शेजारच्या इंगळ्यांच्या देवानंदची हळद होती. पंचफुला पंगतीत बसली, पत्रावळीवर भात पडला, तिने पहिला घास कालवला. तेवढ्यात देवानंदची आई गिरजाबाई आली आणि साऱ्यांच्या देखत दंडाला धरून तिला उठवलं. "तू मागून बस वं," म्हणाली. शुभकार्य होतं ना! पंचफुला बोटांना भात तसाच घेऊन घरी आली. गिरणी टाकली, दोन मजले चढवले, पोराचं लग्न केलं. पण दंडावरची ती बोटं काही गेली नाहीत.

आणि आता गिरजाबाई अंथरुणाला खिळली होती, तिच्या पत्र्याच्या खोलीत भट्टी पेटली होती, आणि पंचफुलाच्या जिन्याखाली पेटी होती.

देवानंद पहिल्यांदा आला तेव्हा हात जोडून आला. काकू, एक वायर द्या, मायचा पंखा तेवढा चालू द्या, म्हणाला. पन्नाशीचा माणूस उंबऱ्याशी उभा राहून रडवेला झाला होता. पंचफुलाने त्याला आत बोलावलं नाही. आतला गारवा दारातून त्याच्या तोंडावर येत होता आणि तो डोळे मिटून घेत होता, हे तिने पाहिलं.

"सांग तुह्या मायले," ती म्हणाली, "तिची पंगत मागून."

देवानंद परत गेला. त्याला अर्थ लागला की नाही कोण जाणे. गिरजाबाईला मात्र लागला असणार.

मोनालीने वायर टाकली ती त्यानंतर. गुपचूप, वरच्या खिडकीतून. पेटी तिच्या खोलीला जेमतेम एका पंख्याची वीज देई. म्हणून तिने स्वतःचा पंखा बंद केला आणि तो वाटा भिंतीपलीकडे पाठवला. एवढंच तिचं पाप, आणि त्यावर कोयता पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरजाबाई गेली.

तिला नेऊन माणसं दुपारी परत आली ती आपापल्या घरी गेली नाहीत. अंगावर ओले पंचे, पाय भाजलेले, डोळे धुराने आणि उन्हाने लाल. तिरडी बांधून उरलेले बांबू देवानंदच्या दाराशी पडले होते, ते वाटेत हातात आले. त्या माणसांच्याही घरात तापलेली लेकरं होती, तडफडणारे बाप होते. पेटी ओढून आणायची आणि देवळात ठेवायची, म्हणजे सगळ्यांचे पंखे चालतील, असं कोणीतरी म्हणालं. पेटी अशी उचलून चालत नाही, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. असतं तरी त्याचं ऐकलं नसतं.

पहिला दगड छतावर गेला. पाट्यांच्या काचा फुटून अंगणात सडा पडला. मग दगडांचा पाऊसच सुरू झाला. पंचफुला गिरणीतला मोठा पाना घेऊन कंपाउंडच्या भिंतीशी आली. प्रज्वल मागे मागे, आई आत चल, आई आत चल, करत होता. तो बापावर गेला होता, मऊ.

भिंतीवर आधी देवानंदचा हात आला. उजवा. वर चढायला त्याने काठ धरला होता. पंचफुलाने पाना दोन्ही हातांनी उचलला आणि त्या मनगटावर घातला. वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. देवानंद पलीकडे कोसळला आणि एवढा ओरडला की बाकीचे क्षणभर थबकले. पंचफुलाला त्या क्षणी फार बरं वाटलं. इतकी वर्षं दंडावर रुतलेली बोटं सैल झाल्यासारखं वाटलं.

मग एक अख्खी वीट आली आणि प्रज्वलच्या कानावर बसली.

तिने त्याला बगलेत धरून आत ओढलं, दाराला आडणा लावला. त्याच्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं. भिंतीला टेकून त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "आई, एवढा गलका झाला, मोनाली खाली का नाही आली?"

रात्री मोनालीने कडी काढली नाही म्हणून तो खालीच झोपला होता. कालपासून वरून कसलाच आवाज नव्हता, आणि ते पंचफुलाला कळलं नव्हतं असं नाही. हट्टी आहे, बसू दे, असं ती स्वतःला सांगत होती.

प्रज्वलने खांद्याने कडी तोडली. मोनाली पलंग आणि भिंतीच्या फटीत पडलेली होती. फरशी तरी गार असेल म्हणून तिथे उतरली असावी. फरशीही तव्यासारखी तापली होती. दोघांनी तिला खाली आणलं. अंग फणफणत होतं आणि घामाचा एक थेंब नव्हता. वाईट गोष्ट हीच होती. घाम हा अंगाचा पाण्याचा फवारा. तो आटला की आतली उष्णता जायला वाट राहत नाही, आणि माणूस आतून शिजू लागतो, आधी मेंदू. मग कुठलं औषध चालत नाही. अंग गार करायचं, तेही ताबडतोब, एवढंच हातात असतं. मोनाली काहीतरी पुटपुटत होती, त्याला शेंडाबुडखा नव्हता. मध्येच तिचे हातपाय थरथरत, दातखीळ बसे, पुन्हा सैल पडे.

टाकीतलं पाणी चहाच्या आधणासारखं होतं. पंचफुलाने तिला आपल्या पलंगावर टाकलं, फ्रीजर उघडला आणि आमरसाच्या गोठलेल्या पिशव्या काढल्या. सुनेच्या वर मान मिळवलेला तो आमरस. दोन काखेत, दोन जांघेत, एक मानेखाली. ओल्या धोतराने अंग झाकलं. वरून एसीची हवा. थोड्या वेळाने थरथर जरा कमी झाली.

बाहेर दारावर बांबू पडू लागले. पंचफुलाने पाना उचलला आणि ती उठली.

तिने उंबरा ओलांडला आणि मागे एसी थांबला.

ती वळली. आत आली. खट्, एसी सुरू झाला. पुन्हा बाहेर गेली. पुन्हा बंद. भिंतीतला तो बटणाएवढा डोळा तिच्याकडे बघत होता.

पाट्या फुटल्या होत्या. नवीन वीज येत नव्हती. पेटीत चौथा हिस्सा उरला की ती फक्त पहिल्या ताटाला वाढत असे, बाकी सगळ्यांचं तोडून टाकी. पहिलं ताट पंचफुलाचं. प्रज्वल आत उभा होता, त्याच्यासाठी पेटी हलली नाही. मोनाली तर पलंगावर मरायला टेकली होती. पेटीच्या लेखी खोली रिकामीच होती. हे बदलायचं तर फिटरला फोन करावा लागणार होता आणि फोन मेला होता. पेटी फोडावी तर सगळंच थांबेल.

पंचफुला पलंगाच्या कडेवर बसली. एसी घुमू लागला.

"तू जा," ती प्रज्वलला म्हणाली. "दार धर."

तो गेला. त्याने पाठ लावून दार धरलं. मऊ माणूस, पण त्या दिवशी त्याने बराच वेळ धरलं. मग बिजागऱ्या निघाल्या आणि दार त्याच्या अंगावर पडलं. माणसं त्या दारावरूनच आत आली. खाली तो होता.

पंचफुलाला दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. बांबूचा आवाज हाडावर वेगळा येतो, मांसावर वेगळा. तो कुठे बसतोय हे तिला खोलीत बसून कळत होतं. पाठीवर. पुन्हा पाठीवर. मग कोपरावर. आणि मग पोराने हाक मारली, लहानपणी विहिरीच्या कडेवरून घसरला होता तेव्हा मारली होती तशी. "आई."

ती उठली. तिचा एक पाय उंबऱ्यावर गेला. एसीने उसासा टाकल्यासारखं केलं आणि पलंगावर मोनालीचं अंग धनुष्यासारखं वाकलं, तोंडातून फेस आला.

पंचफुला उंबऱ्यावर उभी राहिली. बाहेर तिचं रक्त होतं. आत होती ती काल जिला थोबाडलं ती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला विचारत होतं की आधी कोण, आणि विचारणारं भिंतीतलं एक बटण होतं.

तिने पाय मागे घेतला.

पलंगावर चढून तिने मोनालीचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड एका अंगाला वळवलं, फेस बोटाने काढला. बाहेर पोरगा ओरडत होता. तिने कानावर हात ठेवले नाहीत. प्रत्येक फटका तिने ऐकला, आणि प्रत्येक फटक्याला एक आमरसाची पिशवी उलटी करून तिची गार बाजू सुनेच्या कातडीला लावली.

मग देवानंद आत आला. उजवं मनगट छातीशी धरलेलं, लोंबतं. डाव्या हातात तिचाच पाना, ती उंबऱ्याशी ठेवून आली होती तो. मागे दोन-तीन जण.

"भायेर ये," तो म्हणाला.

ती हलली नाही. त्याने मानेने खूण केली तशी एकाने तिचे केस धरले आणि दुसऱ्याने पाय. तिने पलंगाच्या खुराला मिठी घातली. देवानंदने पाना उचलला आणि त्या हातावर मारला. तिचं मनगट मोडलं, अगदी त्याचं मोडलं तसंच, तशाच आवाजाने. तिने दुसऱ्या हाताने खूर धरला.

"देवानंद," ती म्हणाली. दात घट्ट आवळले होते, आवाज मधूनच फुटत होता. "मारायचं तर इथंच मार. मरेस्तोवर मार, कोणी आडवं येत नाई. पण मले उंबऱ्याभायेर नेऊ नको. मी गेली का हवा जाते. अन् हवा गेली का ही जाते."

त्याला काही समजलं नाही. पाय धरणाऱ्याने झटका दिला, तिच्या हातातून खूर सुटला, ती फरशीवरून दारापर्यंत फरफटत गेली. तिची कंबर उंबऱ्याबाहेर गेली आणि एसी थांबला.

अचानक झालेल्या त्या शांततेत सगळ्यांना पलंगाचा आवाज ऐकू आला. मोनालीच्या टाचा लाकडावर आपटत होत्या. टक टक टक टक.

देवानंद तिच्याकडे बघत राहिला. ओठ फुटलेली, काखेत आमरस धरलेली, डोळे पांढरे केलेली पोरगी. हीच ती. वायर टाकताना हिने खिडकीतून हळूच विचारलं होतं, आजीचा पंखा फिरला का?

"माही माय अशीच थरथरली," तो म्हणाला.

मग त्याने पाय धरणाऱ्या माणसाच्या खांद्यावर पाना घातला. तो माणूस त्याचा सख्खा साडू होता. तो कोलमडला. देवानंदने पंचफुलाला काखेत डावा हात घालून, पोतं ओढावं तसं आत ओढलं. एसी सुरू झाला. तो बाहेर गेला आणि जिन्याखाली पेटीसमोर बसला. जो पेटीजवळ येईल त्याला तो मारत होता, एका हाताने. ज्यांनी सकाळी त्याच्या आईला खांदा दिला होता त्यांनाच. एकाचा दात पडला, एकाचं कपाळ फुटलं. शेवटी ते शिव्या देत निघून गेले. ऊन कलेपर्यंत तो तिथून उठला नाही.

मोनाली वाचली. बोलताना एखादा शब्द तिला अजून सापडत नाही, मग ती थांबते, शोधते. प्रज्वलला एका कानाने ऐकू येत नाही आणि त्याचं कोपर सरळ होत नाही. लाईन आली तेव्हा पोलीसही आले. हात कशाने मोडला, त्यांनी पंचफुलाला विचारलं. गिरणीच्या पट्ट्यात गेला, ती म्हणाली. मग ते भिंतीपलीकडे गेले. देवानंदनेही तेच सांगितलं, त्याच गिरणीच्या त्याच पट्ट्याचं नाव घेऊन. हवालदार त्याच्याही मनगटाकडे बघत राहिला आणि निघून गेला.

नव्या पाट्या बसल्या, मोनालीच्या खोलीतही एसी आला. दिवाळीआधीच्या उन्हात एका दुपारी लाईन गेली आणि पंचफुलाच्या खोलीतला एसी खट् करून थांबला. वर मोनालीच्या खोलीतला घुमत राहिला. पंचफुला वाट बघत बसली. एसी काही सुरू होईना. मोनालीने मोबाइल आणून दाखवला. वरचा मोठा गोळा मोनालीचा होता. पंचफुलाचा आमरसाच्या फ्रीजरच्याही खाली गेला होता, आणि गिरणीचा तिच्याबरोबर. त्या दुपारी पेटी बघत होती ना! कोण कुणासाठी उठतं, कोण कुणाचं तोंड पुसतं, कुणासाठी कोण बाहेर जात नाही. नंतरचे महिनेही बघत होती. पंचफुलाच्या वाकड्या हाताला पळी धरता येत नव्हती आणि मोनाली वाढायला लागली की ती म्हणे, आधी तुझं घे.

फिटरला बोलावते, आता फोन चालू आहे, असं मोनाली म्हणाली.

"राहू दे," पंचफुला म्हणाली. "तिनं पाह्यलं ते लिहिलं." मग जरा थांबून, "पण आमरसाच्या खाली म्हंजे जरा जास्तच झालं."

ती खाली गिरणीत जाऊन बसली. लोकांचे डबे रांगेने लावले होते. देवानंद ज्वारीचा डबा घेऊन आला, त्या दुपारनंतर पहिल्यांदाच, आणि शेवटी ठेवून उभा राहिला. पंचफुलाने डाव्या हाताने तो डबा धरला आणि घासत घासत सगळ्यांच्या पुढे आणून लावला. देवानंद पुढे आला. वाकला, आपल्याही डाव्या हाताने डबा उचलला, आणि परत शेवटी नेऊन ठेवला.

"राहू द्या, काकू," तो म्हणाला. "आमची पंगत मागून."

पंचफुलाने डब्याचं झाकण नीट बसवलं. 

गिरणी बंदच होती. तिची पाळी यायला पेटी भरावी लागणार होती, नाहीतर लाईन यावी लागणार होती. देवानंद घरी जाऊ शकला असता. तो डब्याशेजारी जमिनीवर बसला. पंचफुला डब्याच्या दुसऱ्या अंगाला बसली. घाम दोघांच्या मानेवरून उतरत होता.  वर एसी घुमत होता आणि दोघंही तो ऐकत होते.

"झोपली का मोनाली?" त्याने विचारलं.

"झोपली."

त्याने मान हलवली, आणि दोघं गिरणी सुरू व्हायची वाट बघत बसून राहिले.